पट्ट्याचं घर पडलं

नदी लोकांच्या घरात शिरून गेली होती आणि मी त्यांना भूकंपाचं सांगत होतो. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात पुरानं मातीची घरं बसली, म्हणून आम्ही काही निवृत्त इंजिनिअर तिथे बिनपैशाची मदत करायला गेलो होतो. स्वस्तातलं घर बांधायचंच आहे तर भूकंपातही टिकेल असं बांधू, असं आमचं ठरलं. आमचं म्हणजे माझं. बाकीच्यांनी माना डोलावल्या, कारण तेवढ्यात चहा आला.

पहिलं घर ज्या ताईंचं व्हायचं होतं, त्या सासूला घेऊन समाजमंदिराच्या कोपऱ्यात राहत होत्या. पावसाळ्याआधी डोक्यावर टिनाचं छप्पर आलं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. मी मात्र त्यांना कागदावर पट्टा दाखवत होतो. दार-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधून ठेवणारा, आत सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा.

"भाऊ, आमच्या इथं पूर येते. तुमी भूकंप काऊन आणून राह्यले?"

मराठवाड्यातल्या लोकांनाही भूकंप आपल्याकडचा नाही असंच वाटायचं, हे मी सांगितलं. पट्ट्यानं भिंती एकमेकींना धरून राहतात, हेही सांगितलं. ताई म्हणाल्या, "सांगून नाई समजत मले. दाखवा."

इथे थांबायला हवं होतं. मी म्हणालो, दाखवतो.

जाम गावच्या चौकातल्या केळीवाल्याचा ठेला मागून आणला. त्यावर गुडघ्याइतकी दोन घरं बांधायची, एक पट्ट्याचं, एक बिनपट्ट्याचं, आणि ठेला दोरीनं हिसडायचा. पट्ट्याचं घर मी स्वतः बांधायला घेतलं. नोकरीभर दुसऱ्यांच्या भिंतींवर सह्या केल्या होत्या, त्यामुळे भिंत आपल्याला येते असा माझा समज होता. दुसरं घर गावच्या मिस्त्रीला दिलं आणि बजावलं, "हे पडायचं आहे. कच्चंच बांधा."

आठवड्यानं सगळं गाव जमलं. दोन्हीकडून दोर ओढले गेले. तिसऱ्या हिसड्याला माझं घर बसलं. पट्टा मात्र अखंड राहिला. विटांच्या ढिगावर तो चौकोनीच्या चौकोनी आरामात पडला होता. मिस्त्रीच्या घराला चीर नाही. पोरांनी जोर लावून ओढलं तेव्हा ठेल्याचं चाक निखळलं, घर नाही.

"तुम्हाला कच्चं बांधायला सांगितलं होतं ना?" मी मिस्त्रीला विचारलं.

"सांगतलं होतं, साहेब. सुरू बी केलं. पन हात नाई वळला. सारं गाव पाहून राह्यलं होतं. उद्या म्हनतीन, हे याचं काम." मग हळूच, "तुमी विटा भिजवल्या होत्या?"

नव्हत्या. कोरडी वीट सिमेंटच्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते, हे मी कित्येक ज्युनिअरांना ओरडून शिकवलं आहे. घरावर पाणीही एकदाच मारलं आणि बोरगाव मेघेला घरी निघून आलो. मिस्त्री सात दिवस दोन्ही वेळा पाणी मारत होता, पडायच्या घरावर.

पुढचे तीन दिवस मी दारोदार समजावत फिरलो की चूक माझी होती, पट्ट्याची नव्हे. प्रत्येक दारात एकच उत्तर, "पट्टा म्हंजे तो ठेल्यावरचा?" शेवटी मी मिस्त्रीला म्हटलं, पुन्हा करू, दोन्ही घरं तुम्हीच बांधा.

"कच्चं मी बांधनार नाई आन पक्कं तुमाले जमत नाई. मंग परीक्षा कोनाची घेता?"

ताई तिथेच होत्या. त्यांनी ढिगातून पट्टा उचलला, कड जमिनीवर दोनदा आपटली. तुटला नाही. मिस्त्रीला विचारलं, "असा पट्टा तुमच्या भिंतीवर बसवता येईन?"

"येईन ना."

"मंग पट्टा घालू. पन भाऊ, थापीले तुमी हात नाई लावाचा."

"मी काय करू मग?"

"पानी मारा. दोन टाइम."

महिनाभर मी पाइप धरून उभा होतो. सासूबाई बाजेवर बसून कोणता कोपरा कोरडा राहिला ते सांगत, आणि त्यांचं कधी चुकलं नाही. माझी पदवी त्यांना कुणी सांगितली नव्हती. सांगितली असती तर आणखी कोपरे निघाले असते.

मृगाच्या आधी टिन चढलं, बाज आत गेली. शेजारच्या घराचा पाया आखायला बसलो, तेव्हा त्या घरच्या माणसानं माझ्याकडे न बघता मिस्त्रीला विचारलं, "पट्टा टाका. पन हे साहेब पानीच मारतीन ना?"