फळ्याच्या माथ्यावरची ओळ

कुणी बातमी सांगायला लागलं की हवालदार आधी चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "तू सोता बघितलंस काय रं?" सांगणाऱ्याचा अर्धा उत्साह तिथेच मावळायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही चौकात असेल. आमचे हवालदार फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे वडूजकडचे. सांगलीत हळदीच्या बाजाराजवळ बायकोसह भाड्याच्या खोलीत राहायचे. माझा वर्तमानपत्रांचा स्टॉल त्याच चौकात होता. नव्वदीतले दिवस, घरोघरी केबल नुकती येत होती. मी सकाळी पेपर विकायचे आणि त्यातली कुठली बातमी खोटी, ते यांनी शेजारच्या भिंतीवर खडूने लिहायचं. माझ्या धंद्याच्या मुळावर उठलेला शेजारी! पण लोक पेपर विकत घेऊन त्या भिंतीपुढेच वाचत उभे राहायचे, म्हणून मी गप्प बसायचो.

एकदा रहिमतपूरजवळच्या विहिरीला दूध लागल्याची बातमी आली. हवालदार एस.टी.ने गेले आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर लिहिलं, "पिऊन बघितलं. चुन्याचं पाणी आहे." दोन दिवस पोट धरून होते.

या हेलपाट्यांत पेन्शन जाऊ लागली. लोकांनी हातभार लावावा म्हणून एक डबा ठेवला, तर त्यात शर्टाची बटणं निघाली. शेवटी हळदीचे एक व्यापारी, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, पुढे आले. त्यांनी मोठा फळा दिला, एस.टी.चं भाडं देऊ केलं.

"फक्त माझं नाव कुठे नको, हवालदार. लोक उगाच बोलतील."

"लपवायचं कशाला? पैसा कुणाचा, ते लोकांस्नी कळाया पायजे."

हवालदारांनी पेंटर बोलावून फळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात ओळ लिहून घेतली : या फळ्याचा खर्च शेठ करतात. वर्षभर ती ओळ कुणाला खुपली नाही.

मग पेपरात आलं, शेठच्या गोदामातल्या हळदीत रंग मिसळलाय. हवालदारांनी स्वतःच्या हाताने पोत्यांतून हळद काढली, पुण्याला प्रयोगशाळेत नेली. रंग नव्हता. त्यांनी तसं फळ्यावर लिहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी वाचायला वरून सुरुवात केली.

"रुमालाखाली सौदा झाला गड्या," बाजारात रुमालाआड बोटं दाबून भाव ठरवणारा एक दलाल म्हणाला आणि सगळे हसले. पुण्याचं भाडंही शेठनीच दिलं होतं, हे हवालदारांनीच सांगितलं. विचारलं की खरं सांगायची वाईट खोड होती त्यांना.

त्यांनी शेठचे पैसे बंद केले. माथ्यावरची ओळ रॉकेलने पुसली. तर लोक म्हणाले, "नाव पुसलं, म्हंजे पाणी मुरतंय."

त्या पावसाळ्यात धरण फुटल्याची आवई उठली. हवालदार पळत कृष्णेच्या घाटावर जाऊन आले आणि फळाभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पाणी उतरतंय. स्वतः बघितलं." त्या अक्षरांसमोरून लोक गाठोडी घेऊन पळत होते. ते रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. "आरं, थांबा! मी बघून आलोय!" कुणी थांबलं नाही. चेंगराचेंगरीत कोपऱ्यावरच्या फुलवाल्या म्हातारीच्या पायाचं हाड मोडलं. हवालदारांनी तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. परत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता.

महिन्याभरात ते बायकोला घेऊन वडूजला निघून गेले. फळा तिथेच राहिला. आता त्यावर हळदीचे भाव लिहितात.

दीड-दोन वर्षांनी स्टॉलवर कुणीतरी म्हणालं, हवालदार गेले.

"तू स्वतः बघितलंस का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने ऐकलं होतं. ज्याच्याकडून ऐकलं, त्यानेही ऐकलंच होतं. मला राहवेना. स्टॉल बंद करून मी वडूजची एस.टी. धरली.

दारात त्यांची बायको उभी होती. कपाळ मोकळं. मी काय विचारणार?

"आवं, खरं हाय का ते बघाया आलासा व्हय?" ती म्हणाली. "लय बरं वाटलं आसतं त्यास्नी." मग आम्ही दोघंही रडलो.

परत येऊन मी चौकात सांगितलं, बातमी खरी आहे, मी स्वतः जाऊन आलो.

तो दलाल पेपर चाळत उभा होता. मान वर न करता त्याने विचारलं, "भाडं कुणी दिलं?"