गोजरबाईंचे हात

देवळाली प्रवरातल्या निम्म्याअधिक तरण्या पोरांची बाळपणीची अंघोळ गोजरबाईंच्या हातची. पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर घ्यायचं, तेल जिरवायचं, नाक ओढायचं, डोक्याला गोलाई आणायची. पुढे कुणाचं नाक सरळ निघालं की श्रेय गोजरबाईंचं, आणि कुणी दिलं नाही तर त्या मागून घ्यायच्या. माझंही नाक त्यांनीच ओढलंय, पण माझं नाव त्या कुठे काढत नाहीत.

नातू झाला तेव्हा बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. पण काही महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं, की रामची लघवीची जागा दिसतच नाही. फुगीर मांसात नुसतं कातडीचं टोक. बाजूने दाबलं की बाहेर यायची, हात सोडला की गुडूप. बाळसं आहे, उतरेल, असं सगळ्या म्हणाल्या. बाळसं उतरलं, राम शाळेत जाऊ लागला, तरी तेच. धार सरळ पडेना, चड्डी ओली व्हायची, पोरं चिडवायची. मग तो शाळेत पाणीच पिईनासा झाला.

गोजरबाईंनी मनाशी निकाल लावून टाकला होता, की मालिश करताना आपल्याच हातानं ते दाबलं गेलं. जो हात नाक वर काढतो तो बाकीचं आत ढकलणारच की! स्वतःच्या कर्तबगारीवर एवढा विश्वास असला की दुसरं काय होणार? कंबर दुखते असं सांगून त्यांनी गावातली बाळं घेणं बंद केलं. रामलाही त्या अंघोळ घालीनात. सून रेश्मा डॉक्टरचं नाव काढायची आणि बाई उडवून लावायच्या. डॉक्टर बघताक्षणी कुणाची करणी ते सांगतील, याची त्यांना धास्ती होती.

शेवटी रेश्मानं ऐकलं नाही. माझ्या गाडीतून आम्ही सगळे नगरला लहान मुलांच्या सर्जनकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की अवयव अगदी व्यवस्थित वाढलेला आहे, फक्त लपलाय. मुळाशी कातडी आत धरून राहायला हवी, ती सैल आहे आणि आतले काही पट्टे त्याला मागे ओढताहेत. भूल देऊन ते पट्टे सोडवायचे आणि कातडी मुळाशी टाके घालून बसवायची. पुढची कातडी नुसती कापून टाकू, असं कुणी म्हणालं तर मात्र ऐकायचं नाही, कारण झाकायला तीच लागते.

गोजरबाईंनी खाली मान घालून विचारलं, मालिशनं झालं का?

"नाही हो आजी. हे जन्मतःच असतं. मालिशनं असं होत नाही."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. रेश्मा त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आत्या, तुमी येवढी वर्सं हेच मनात घिऊन बसला हुता व्हय? मला वाटलं, पोरगं असं निघालं म्हनून तुमी त्याला हात लावत न्हाई."

 

ऑपरेशन सुखरूप झालं. सूज उतरली, डॉक्टरांनी अंघोळीची परवानगी दिली. त्या सकाळी रेश्मानं पाणी काढलं आणि तांब्या सासूच्या हातात दिला. पाणी लई गरम हाय, म्हणून राम मोरीतून ओरडला. गरमच असतंय, असं म्हणून गोजरबाईंनी त्याला खुशाल ओरडू दिलं.