फणसाच्या दिवसांतलं वाचनालय

मी मुळातच भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला शूर समजायची चूक करणार नाही. लग्न होऊन खानापूरकडून इकडं उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात आले, तेव्हा पहिलं वर्षभर मी दिवेलागणीनंतर परसातसुद्धा एकटी जात नसे. "रानात दिलेली पोरगी रानाला भ्याली तर ऱ्हाणार कुठं?" असं सासूबाई म्हणायच्या, आणि बॅटरी घेऊन स्वतःच माझ्या पुढं चालायच्या.

अशा बाईच्या हातात सभासदांनी वाचनालयाची किल्ली दिली. कारण साधं होतं. बाकीच्यांना शेतं होती, काजूच्या बागा होत्या, रानाची कामं होती. मला वेळ होता आणि वाचायचं वेड होतं.

वाचनालय म्हणजे कुंभारवाडा गावच्या रस्त्याकडेची दोन खोल्यांची कौलारू इमारत. पूर्वी तिथं शिकेकाई, मध असला रानचा माल साठवायचे. पुढं ओसरी, मागं एक दार, आणि मागच्या दारातून खाली उतरणारी पायवाट थेट ओहोळाला. मागच्या भिंतीला खिडकी होती, पण तिच्यापुढं आम्ही लोखंडी कपाट उभं केलेलं. जवळचं घर हाकेच्या अंतरावर, पण हाक जोरात मारावी लागेल अशा अंतरावर. मोबाइलला रेंज हवी तर समोरचं टेकाड चढायचं.

उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की वाड्यावाड्यांवरची पोरं सकाळच्या गाडीनं नाहीतर चालत यायची आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत माझ्या गळ्यात. सकाळी ज्यानं त्यानं आपापलं वाचायचं. मग फाटकी पुस्तकं घेऊन बसायचं. मैद्याची खळ शिजवून पानं चिकटवायची, निम्मी खळ पोरांच्या केसांत जायची. दुपारी मी मोठ्यानं गोष्ट वाचायची. मराठी शाळेतली पोरं कन्नड पुस्तकात अडखळायची, कन्नड शाळेतली मराठीत, आणि दोघांनी मिळून एक पुस्तक कसंबसं पार पडायचं. मला ते दिवस फार आवडायचे. घरी जायलाच नको वाटायचं.

आणि फणस यायचे. झाडाचा पहिला पिकला फणस देवाला, दुसरा वाचनालयाला, अशी पद्धत सभासदांनी आपणहून पाडली होती. पोरं दिवसभर बसतात, त्यांच्या पोटात काहीतरी जावं म्हणून. हे फणस आतल्या खोलीत पोत्याखाली असायचे. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी एक सभासद पुस्तक परत करताना म्हणाले, "बाई, कथा चांगली हाय, पन वास बरक्या फणसाचा मारतोय." सगळे हसले. दुसऱ्याच दिवशी आम्ही फणस उचलून बाहेर ओसरीवर ठेवले.

आता पिकला फणस बाहेर ठेवू नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अस्वलाला तो वास लांबून लागतो. इथं कुणाच्याही घरी पिकला फणस ओसरीवर राहत नाही. पण वाचनालय म्हणजे घर नव्हे ना! घरचे नियम घरी. वाचनालयाचे नियम भिंतीवर लिहिलेले होते: शांतता पाळा, पानं दुमडू नका. फणसाबद्दल भिंतीवर काही नव्हतं. त्यामुळे रानात जन्म काढलेली माणसं त्या फणसांना ओलांडून आत येत होती, पुस्तकं बदलून जात होती, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मीही त्यातलीच.

त्या उन्हाळ्यात वरच्या वाडीवरून एक पोरगी यायची. अकरा-बारा वर्षांची असेल. आई नर्सरीत रोपांच्या कामाला जायची, जाताना हिला आमच्याकडं सोडायची. पोरगी वाचायला तुफान. सगळ्यांच्या आधी पुस्तक संपवायची आणि मग दुसऱ्याच्या खांद्यावरून वाकून त्याला शेवट सांगून टाकायची. पोरं तिच्यावर दात खाऊन असायची. मला मात्र ती पोटच्या पोरीसारखी वाटायची. माझं हसू तिला दिसू नये म्हणून मी तोंडासमोर पुस्तक धरत असे.

त्या दिवशी दुपारनंतर आभाळ भरून आलं होतं. पान हलत नव्हतं. गोष्ट अगदी रंगात आली असताना कुणीतरी माठात गडवा घातला तर तळ लागला. ओहोळाला दोघांनी मिळून जायचं असा माझा दंडक. पण गोष्ट सोडून उठायला कुणी तयार होईना. ती पोरगी उठली. आमच्याकडं पोरीही 'आलो, गेलो' असंच बोलतात. ती म्हणाली, "मला ठावं हाय शेवट. मी आनतो." आणि कळशी काखेला मारून मागच्या दारानं गेली. मी वाचत राहिले. दिवसाउजेडी, हाकेवरचा ओहोळ. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

थोड्या वेळानं ओसरीकडच्या खिडकीजवळचा मुलगा म्हणाला, "बाई, करडी."

करडी म्हणजे अस्वल. मला वाटलं, गोष्टीत अस्वल हवं म्हणून चावटपणा करतोय. "गप बस," म्हटलं. तेवढ्यात बाहेर फणस फाटल्याचा आवाज आला. ओलं लुगडं टरकन फाडावं तसा. पाठोपाठ कुणीतरी मोठ्यानं श्वास आत ओढावा तसा आवाज.

ओसरीचं दार सताड उघडं होतं. दारातून मला त्याची पाठ दिसली. काळे, धुळीनं भरलेले, झिपरे केस. मग त्यानं मान वळवली आणि मळकट पांढरं तोंड दिसलं, त्याला फणसाचा रस लागलेला. नखं तर अशी लांब, की फणसाची फोड धरल्यावर ती दुसऱ्या बाजूनं बाहेर आलेली. अस्वल माणसाला खात नाही, फाडतं. आमच्या सभासदांतल्या एकांना एक डोळा नाही आणि त्या बाजूचा गालही धड नाही. ते नेहमी मोठ्या अक्षरांची पुस्तकं नेतात. त्यांच्याशी बोलताना मी आजवर कधी त्या बाजूला बघितलं नव्हतं. त्या क्षणी मला फक्त तीच बाजू दिसत होती.

मी दार कसं लावलं ते मला आठवत नाही. दाराला पाठ लावून उभी होते, एवढं आठवतं. मग धावत जाऊन मागच्या दारालाही कडी घातली. पोरं भिंतीला चिकटून बसली होती. धाकटी एक रडायला लागली, तिच्या तोंडात दुसरीनं आपल्या परकराचा बोळा कोंबला. मी बोटानं एकेकाला मोजायला लागले. बोट थांबलं, एक कमी. ती बाहेर होती.

कळशी भरून ती आता चढ चढायला लागली असेल. मागच्या दाराकडं यायचं सोडून पुढं ओसरीवर फणस खायला गेली तर? ती तशीच करायची. येताजाता एक गरा तोंडात टाकायची.

खिडकीजवळच्या मुलानं तोंडाला दोन्ही हात लावले आणि हाळी द्यायला छाती भरून घेतली. मी झडप घालून त्याचं तोंड दाबलं. कारण इथं हाळीचा अर्थ एकच असतो. रानात पोर चुकू नये म्हणून चालायला लागल्यापासून त्याला शिकवतात: हाळी ऐकू आली की ओ द्यायची आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागायचं. बघायचं नाही, विचारायचं नाही, यायचं. 'येऊ नको' अशी हाळी आमच्याकडं नाहीच. हाक मारली असती तर पोरगी कळशी हिंदकळत धावत वर आली असती, थेट अस्वलाच्या पुढ्यात. आणि नाही मारली तरी ती येतच होती.

मला रडू फुटत होतं. देवाला काय काय बोलले ते लिहायला लाज वाटते.

"बाई, डबे वाजवूया," तोच मुलगा माझ्या हाताखालून म्हणाला.

भातात गवे शिरले की इथं डबे वाजवतात. रानात कुठंही डब्याचा आवाज आला की माणसाला कळतं, जनावर जवळ आहे, जवळचं घर गाठा. ते पोरीला कळणार होतं. मला वाटलं, ती तशीच खाली पळेल, ओहोळापलीकडच्या घरी जाईल. मी कपाटावर पट्टी हाणायला लागले. पोरांनी खळीचं पातेलं घेतलं, डबे घेतले, एकानं लोखंडी पेटीचं झाकण आपटायला सुरुवात केली. कौलांवरून धूळ गळायला लागली. खिडकीतून मी बघितलं, अस्वल थांबलं. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, माणसासारखं, आणि खिडकीकडं बघितलं. मग धप्पकन खाली आलं, ओसरीवरून उतरलं आणि इमारतीला वळसा घालून बाजूनं निघालं. मागं. ओहोळाच्या बाजूला.

"थांबू नका, बडवा!" मी ओरडले.

आणि मागच्या दारावर धडका बसायला लागल्या.

जुनं फळ्यांचं दार. कडी खिळखिळत होती. धाडधाड दोनदा, मग पुन्हा. पोरं किंचाळली. माझं डोकं बधिर झालं होतं, त्यात एकच विचार होता: ते मागून आत येतंय. "पेटी! पेटी लावा दाराला!" म्हणून मी ओरडले. पुस्तकांनी भरलेली ती पेटी एरवी आम्हाला जागची हलत नाही. सगळ्यांनी मिळून ती फरफटत नेली. "ढकला, अजून ढकला, जोर लावा!" मी घसा फोडून ओरडत होते आणि स्वतः पेटीला खांदा लावला होता. पलीकडून धडका येत होत्या, त्या खांद्यात जाणवत होत्या. मग त्या हळू झाल्या. मग थांबल्या.

आम्ही तसेच पेटीला टेकून बसलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पुढच्या बाजूनं माणसांचे आवाज आले. जवळच्या घरातले बापलेक कोयते घेऊन आले होते, डबे ऐकून. मी दार उघडलं. ओसरीभर गरे आणि आठळ्या पसरल्या होत्या.

"गेली बगा करडी," म्हातारे म्हणाले. "माग दिसतोय. व्हाळाकडं उतरलीय."

ओहोळाकडं. मी ओसरीच्या खांबाला धरलं. त्यांना सांगितलं, पोरगी तिकडंच गेलीय, पाण्याला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ते बघणं मला अजून स्वप्नात दिसतं.

"आता हाळी द्या, बाई," लेक म्हणाला. "आमी हाय न्हवं पुढं."

मी हाळी दिली. माझ्या तोंडून पोरीचं नाव लांबवून निघेना, मध्येच फाटलं. सगळे ऐकत उभे राहिले. ओहोळाकडून काहीच आलं नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारली. मला पुढचं सगळं दिसायला लागलं होतं, पोरीची आई नर्सरीतून चालत येताना, मी तिला काय सांगणार ते.

"ओ," असं आलं. अगदी बारीक. पण ओहोळाकडून नाही. इमारतीच्या मागून.

आम्ही वळसा घालून धावलो. मागच्या दाराच्या चौकटीत, भिंत आतल्या बाजूला दबते तेवढ्या जागेत, ती अंग चोरून बसली होती. गुडघे छातीशी. कळशी वाटेवर आडवी पडलेली. दहा पावलांवर मऊ मातीत अस्वलाचे पाय उमटले होते. ते तिच्या समोरून गेलं होतं. दोन्ही हातांच्या मुठी तिनं अजून आवळलेल्या होत्या आणि त्यांची सालं निघाली होती.

मी तिला उचलून छातीशी धरलं. ती लाकडासारखी ताठ.

"डबं ऐकलो," ती म्हणाली. "म्हनून घराकडं पळालो. दार बडवलो, बाई. लई बडवलो. पयलं हाका बी मारलो, डब्यांत ऐकू गेलं न्हाई. मग करडी दिसली, मग आवाजच फुटंना."

मी पदरानं तिचं तोंड पुसलं.

"तुमचा आवाज ऐकू येत हुता मला," ती म्हणाली. "ढकला, ढकला, म्हनत हुतासा."

त्यात तक्रार नव्हती. तिनं नेहमीच्याच आवाजात सांगितलं. तक्रार असती तर बरं झालं असतं, मी पायाशी लोळण घेतली असती. मी तिच्या मुठी उघडायचा प्रयत्न करत राहिले.

बापलेकांनी उरलेले फणस पोत्यात भरून नेले आणि गाडी येईपर्यंत कुणी बाहेर फिरकू नका म्हणून बजावलं. आम्ही पेटी बाजूला सारून पोरीला आत घेतलं. तिला पाणी हवं होतं आणि पाणी नव्हतं, म्हणून एकानं आपल्या बाटलीतला उरलेला घोट दिला. मी मागचं दार लोटायला गेले तशी ती पहिल्यांदाच रडली. "नगो," म्हणाली. "उगडंच ऱ्हाऊ दे."

अस्वल ओहोळाशी होतं. पायवाट तिथूनच वर येत होती. संध्याकाळच्या गाडीला अजून बराच वेळ होता. ती उंबऱ्याजवळ बसली, चौकटीला पाठ लावून, आणि हळूहळू बाकीची पोरंही तिच्या भोवती जाऊन बसली. मी त्यांच्यात बसले, ओहोळाकडं डोळे लावून. जरा कुठं पाचोळा वाजला की माझा हात कडीकडं जायचा. मी तो पदरात गुंडाळून घट्ट धरून ठेवला होता.