स्टीलला डाग देणारी अक्का

‘चिकटणार नाही’ हे शब्द कानावर पडले की डागअक्का जेवणावरून उठायची. हात धुवायची, चष्मा चढवायची आणि विचारायची, “कोण सांगतो? मजला दाखव.”

धातूला धातू झाळून जोडण्याला तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी घरांत डाग देणं म्हणतात, त्यावरून तिचं हे नाव पडलं. कुंभकोणमच्या बाजारात तिचे वडील पितळी कॉफी फिल्टरांना कथिलाचा डाग देत. घरोघरी स्टील आलं आणि तेच कथील त्या गुळगुळीत पत्र्यावरून अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं ओघळू लागलं. वडिलांनी हात टेकले. अक्का तेव्हा शाळेच्या रसायनशाळेत मदतनीस होती. तिथल्या बाईंना विचारून विचारून तिने दोन वर्षं फुटके डबे भाजले आणि एके दिवशी स्टील तिला वश झालं.

“स्टीलवर साय असते,” ती सांगायची. “डोळ्यांस दिसत नाही. खरवडली तरी श्वास घेईतो पुन्हा धरते. म्हणून ॲसिडाच्या थेंबाखालीच खरवडायचं. साय गेली की कथील आपणच पसरतं.” स्टीलमधून धग हळू सरकते, घाई केली तर एकच जागा जळून काळी पडते, हेही तिचंच. त्यासाठी ‘पोरुमै’ लागते म्हणायची. धीराला ती नेहमी हा तमिळ शब्दच वापरी. शिसं असलेलं सोल्डर तिने भांड्यांना कधी लावलं नाही. “पोटात जातं ते,” एवढंच म्हणायची.

मी रेशमाच्या दुकानात साड्यांच्या ऑर्डरी पाहायचे. एका दुपारी दारासुरमहून आमच्या विणकर भानुमतीचा फोन आला. लग्नाची साडी मागावर अर्धी झाली होती आणि फणी उसवली होती. फणी म्हणजे स्टीलच्या शेकडो बारीक दातांची चौकट. प्रत्येक फटीतून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे जातात. वरच्या पट्टीचा डाग दोन बोटं सुटला होता आणि तिथले दात हलत होते. फणी काढायची तर सगळे धागे कापावे लागणार, म्हणजे साडी गेली. वेल्डिंगवाला येऊन बघून गेला होता. “दात वितळतील. आणि दुसरं काही त्याला चिकटणार नाही,” असं त्याने सांगितलं होतं.

मी अक्काला स्कूटरवर मागे बसवलं. सबंध रस्ताभर ती माझ्या खांद्यावर बोटाने फणीचं चित्र काढत होती.

मागापाशी पोचताच तिने केळीची पानं मागवली. रेशमावर आधी पान, त्यावर ओलं फडकं, फडक्यावर पुन्हा पान. “ॲसिडाचा एक थेंब जरीवर पडला तर वधू मजला शिव्या देईल,” ती भानुमतीला तमिळमध्ये म्हणाली. काडीच्या टोकाने ॲसिड लावलं, घासलं, डाग द्यायची तापलेली इस्त्री टेकवली. कथिलाचा मणी झाला, घरंगळला आणि पानावर टपकन पडला. पान करपलं. भानुमतीने डोळे मिटून घेतले.

अक्काने दुसऱ्यांदा केलं. पुन्हा मणी.

मग ती वाकून दातांचा वास घेऊ लागली. “भात जळतोय,” ती म्हणाली. “तू धाग्यांस भाताची कांजी लावतेस ना? ती दातांवर चढलीय. सायीवर कांजी!” तिचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेलं माणूस सापडलं. गरम पाण्याच्या बोळ्याने तिने एकेक दात पुसला, मग ॲसिडाखाली पुन्हा खरवडला, आणि इस्त्री टेकवून थांबली. आम्ही तिघी श्वास धरून पाहत होतो. मणी उभा होता. उभाच होता. मग एकाएकी तो खाली बसला आणि चांदीसारखा सर्रकन सगळ्या दातांतून पळाला. भानुमतीने माझा दंड इतका आवळला की वळ उठले.

पण अक्काने कुणाला मागाला हात लावू दिला नाही. सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने ती अर्धा तास फणी पुसत बसली. “ॲसिड राहिलं तर आज जोडलेलं उद्या खाईल.” पानं उचलल्यावर भानुमतीने मागाच्या पायपट्टीवर पाय दिला, धोटा फेकला, फणी ओढली. विणीची रेघ सरळ आली. ती वीतभर विणत गेली. रेघ सरळच येत राहिली.

त्यानंतर भानुमती दर रविवारी अक्काकडे शिकायला जाऊ लागली.

परवा अक्का मुलीकडे कोइंबतूरला कायमची राहायला गेली. नजर अधू झाली होती. बसस्टँडवर भानुमती धावत आली. तिने पाया पडण्याऐवजी स्टीलच्या दोन पट्ट्यांचा एक जोड अक्काच्या हातात ठेवला. एकटीने केलेला होता. अक्काने त्यावर नख ओढलं. मग दोन्ही हातांनी धरून, दात-ओठ खाऊन वाकवला. ड्रायव्हर हॉर्न देत होता. पट्टी वाकली, जोड हलला नाही.

अक्काने तो जोड पिशवीत टाकला आणि बसमध्ये चढली. “अक्का, तो मला घरी दाखवायचाय,” भानुमती खिडकीखालून म्हणाली.

“दुसरा कर,” अक्का म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून समोर पाहू लागली.