डबा भरला का?

फोन वाजला तेव्हा मी सिंकखालचा श्रीखंडाचा डबा बाहेर काढत होते. सकाळचे दहा, नंबर दादाचा. त्यामुळे हॅलोबिलो न करता सरळ म्हटलं, "भरला रे बाबा, भरला! ओततेच आहे." पलीकडून वैनीचा आवाज आला... दादा पहाटे झोपेतच गेला होता. त्याला आता दोन महिने झाले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. राहायला भिवंडीजवळच्या कोन गावात, आणि उभा जन्म गेला धामणकर नाक्याजवळच्या कापडाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करण्यात. बंद पडलेलं काहीही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. आम्ही टेमघरला नवीन फ्लॅट घेतला तेव्हा माझ्या मुलाने हौसेने सिंकखाली कचरा दळायचं मशीन बसवलं. दादा घर बघायला आला तो चिंबोऱ्या घेऊनच. जेवणं झाल्यावर सगळी कवचं त्याने सिंकमध्ये लोटली आणि मी हां हां म्हणेपर्यंत बटण दाबलं. "मशीन हाय ना? मग खाऊ दे की त्याला पन!" मशीनने दोन घास खाल्ले, तिसऱ्याला असं काही किंचाळलं की शेजारीण धावत आली. मग धूर. आता खाडीकाठच्या माणसाला चिंबोरीचं कवच किती टणक असतं ते मी सांगायचं?

मुलगा म्हणाला, प्लंबर बोलावतो. दादा उखडलाच. "खराब मी केलं, बसवीन पन मीच. परका मानूस कशाला पायजे?" पुढच्या रविवारी नवीन मशीन घेऊन हजर! मेन स्विच बंद केला, जुन्या धुडाला टेकू म्हणून पाटावर पाट रचले आणि ओट्याखाली असा शिरला की बाहेर फक्त पाय. मी बॅटरी धरून उभी. पाइपाच्या आट्यांवर लोक टेप गुंडाळतात; याने खिशातून लूमवरची सुताची कांडी काढली. "अगो बाय, या सुतावर अख्खी भिवंडी उभी हाय, तुझा पाइप काय घेऊन बसलीस!" पण दादा डावखुरा. आटे एका दिशेला, सूत दुसऱ्या... पाना फिरवला की सूत उसवायचं. उलटं गुंडाळतोयस, असं तीनदा सांगितलं. तर म्हणाला, "तू च्या ठेव."

मशीन झकास चाललं. फक्त पाइपातून थेंब थेंब पाणी. दादाने खाली श्रीखंडाचा रिकामा डबा सरकवला. "दोन दिवसांत थांबंल आपोआप." कसलं थांबतंय! दुसऱ्या दिवशी दहाला फोन, "डबा भरला का गो?" भरला म्हटलं की, "येतो रविवारी, बघतो." यायचा, पोटभर जेवायचा, पाइपाकडे बघून मान हलवायचा आणि जायचा. असं दीड वर्ष चाललं! खरं सांगू? नाक्यावरून टेपचं रीळ मला आणता आलं नसतं का? पण गळती थांबली असती तर दादाने रोज फोन कशासाठी केला असता? आमच्याकडे भाऊ बहिणीला 'आठवण येते' असं म्हणत नाही. डब्याचं विचारतो.

गेल्या आठवड्यात मशीन बंद पडलं. मुलगा पुन्हा प्लंबर म्हणाला आणि मी दादासारखीच उखडले. नवीन मशीन विकत आणलं, वैनीकडून त्याची कांडी मागून आणली. पाट रचले, ओट्याखाली शिरले. गुडघ्यांनी आईबापाची आठवण करून दिली. आटे सोडवले तर त्याचं ते सूत, काळंकुट्ट झालेलं, उलटंच. ते मुठीत धरून तिथेच फरशीवर बसून मनसोक्त रडले. किती रे हट्टी तू, दादा! मग डोळे पुसले, नवीन मशीन चढवलं, सूत सुलट गुंडाळलं. पाणी सोडलं. एक थेंब गळला नाही. इतका अभिमान वाटला म्हणून सांगू... आणि सवयीने डबा मात्र पाइपाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन वाजला. दादाचा नंबर. वैनीने तो अजून बंद केलेला नाही. मी उचलला, तर ती हळूच म्हणाली, "डबा भरला का गो?"

मी वाकून पाहिलं. डबा कोरडा ठणठणीत.

"भरला गो वैनी," मी म्हटलं. "ये ना रविवारी, बघून जा."