इंग्रज पोराच्या डायरीपायी बसलेली बैठक

माझी फजिती आता मीच सांगतो, म्हणजे निदान तिखटमीठ तरी माझ्या हातचं राहील.

नववीत असताना अकोल्याच्या वाचनालयात मला एका इंग्रज पोराची विनोदी डायरी सापडली. एक नव्हे, चांगले चार-पाच भाग. हे पोरगं स्वतःला फार शहाणं समजतं आणि घरात आपली कोणाला किंमत नाही म्हणून रोज डायरीत रडतं. मी तेव्हा सगळं अगदी गंभीरपणे वाचलं. पुस्तकं विनोदी आहेत हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, बोला!

यंदा दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीच्या घरी बसून सगळे भाग पुन्हा वाचले. हसून हसून पोट दुखलं. मग काय, अंगातच आलं. मी मास्तर माणूस, घरात कोरं रजिस्टर होतंच. त्यात मीही तशीच डायरी सुरू केली. 'आज पुन्हा पोहे. माझ्या बुद्धीची या घरात कदर नाही. सुनंदा माझ्याशी बोलते ती फक्त सिलिंडर संपल्यावर. मी गेल्यावर यांना कळेल.'

सुनंदा म्हणजे माझी बायको. आणि हे वाचलं कोणी? तिच्या वडिलांनी. आबा वरूडहून बागेतली संत्री घेऊन आले होते, मी आंघोळीला गेलो होतो आणि रजिस्टर टेबलावर उघडं. चहा तसाच ठेवून ते निघून गेले. मला वाटलं, बस पकडायची असेल.

रविवारी आबा परत आले, सोबत अकोल्याहून माझे काका, म्हणजे नाना. नाना निवृत्त वकील. आमच्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं की दोन्हीकडचं एकेक वडीलधारं माणूस येऊन बसतं, त्याला बैठक म्हणतात. माझ्याच सोफ्यावर माझीच बैठक बसली होती आणि मी आपला चिवडा पुढे करत होतो.

"जवाईबुवा, पोरीले मी समजावतो," आबा म्हणाले. "रोज पोहे नाई करनार ते. पन तुमी जिवाचं काई करू नका."

"सुनंदा, काहून बोलत नाई तू याच्यासंग?" नानांनी उलटतपासणी सुरू केली.

सुनंदाचा चेहरा उतरला. वीस वर्षांच्या संसाराची अशी चौकशी, तीही माझ्या खोडीपायी. मला माझीच लाज वाटली. मी धावत जाऊन पुस्तक आणलं, "अहो, गंमत आहे ही, या पोरासारखं लिहिलं," म्हणत त्यातलं एक पान मराठी करून वाचून दाखवलं. हसत मी एकटाच होतो.

आबांचे डोळे भरून आले. "बिचारं पोरगं. त्याच्या घरी कोनी मोठं मानूस नाई का?"

शेवटी सुनंदाच बोलली. "आबा, ते रजिस्टर मी पयलेच वाचलं होतं. मले त्यात नवीन काईच दिसलं नाई. हे तोंडानंबी रोज असंच बोलतात."

नाना पहिल्यांदा हसले. आबांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि पुस्तकावरचं चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"किती वर्साचं हाय हे पोरगं?"

"पंधरा," मी म्हणालो.

"मंग ते सुधरन," आबा म्हणाले, आणि उठून त्यांनी सुनंदाच्या डोक्यावरून हात फिरवला.