झांझिबारच्या जोगळेकरबाई

जोगळेकरबाईंकडे कुणी तक्रार घेऊन गेलं, की त्या शांतपणे म्हणत, "तुझं मला कळलं. आता त्याचं सांग. तो काय म्हणत असेल?" शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या फॅब्रिकेशन कंपनीत त्या ॲडमिन बघायच्या. मी तेव्हा नवा इंजिनिअर. स्टोअरकीपरबद्दल कुरकुरत गेलो आणि त्याचीच बाजू मांडून परत आलो.

बाईंचं बालपण झांझिबारला गेलं होतं. वडील तिथे कारकून. पंधराव्या वर्षी त्या पुण्याला परतल्या, पण स्वाहिली तोंडात तशीच राहिली. आमचा क्रेन चालवणारा सलीम आणि खाली उभा राहून त्याला हातांनी खुणा करणारा जुमा, दोघेही झांझिबारचे. ते बाईंना 'मामा' म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हे कळेपर्यंत मला फार हसू यायचं.

दोन हजार साली तिकडच्या निवडणुकीचा निकाल वादात सापडला. पुढच्या जानेवारीत मोर्चे निघाले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं बोटींतून केनियाला पळाली. सलीमचा भाऊ विरोधी पक्षातला. तोही पळाला आणि त्याचा पत्ता लागेना. जुमाचं घर सत्ताधारी पक्षाचं, भाऊ पोलिसात. दोघांचं बोलणं तुटलं. एका सकाळी सलीमने खुणेकडे बघितलंच नाही. पाइपांचा गठ्ठा जुमाच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला.

"दोनों का व्हिसा कॅन्सल. खलास," मॅनेजर म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडून एक तास मागून घेतला. दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवलं, साक्षीला मला. बोलणं स्वाहिलीत, बाई मला हळूच मराठीत सांगत होत्या.

प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू मांडायची, असं बाईंनी सांगितलं. आधी जुमाने सलीमची. तो म्हणाला, "हा म्हणेल, मतं नीट मोजली नाहीत. म्हणेल, माझा भाऊ नुसता मोर्चात चालला. याची आई रोज फोन करते, मुलगा सापडला का विचारते."

सलीम खाली बघत म्हणाला, "हा म्हणेल, भावाने वर्दी उतरवली तर घर कोण चालवणार? गोळीबाराच्या दिवशी भाऊ कुठे उभा होता, हे विचारायची यालाही भीती वाटते."

जुमाने मान हलवली. म्हणाला, "माझी बहीण केनियात, मोंबासाजवळ असते. तिला निर्वासितांच्या छावणीत बघून यायला सांगतो." बाईंनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला.

आठवड्याने भाऊ सापडला. पाय मोडलेला, पण फोनवर खणखणीत बोलत होता. मॅनेजरने लेखी ताकीद देऊन दोघांनाही ठेवून घेतलं. त्याच वर्षी तिकडे दोन्ही पक्षांनी करार केला. मी म्हटलं, "बाई, मिटलं म्हणायचं."

"मिटलं कुठे रे? बोलायला लागलेत. सध्या तेवढं पुष्कळ."

दोन वर्षांनी बाई रिटायर झाल्या. त्यांना दुबईच्या विमानतळावर सोडायला सलीम गाडी चालवत होता, शेजारी जुमा. पुढच्या निवडणुकीत कोण येणार, यावरून शारजापासून दोघांची कडाक्याची जुंपली होती. मागच्या सीटवरून मी काळजीने बाजूला बाईंकडे बघितलं.

बाईंना गाढ झोप लागली होती.